जुनी मर्सिडीज दुरुस्त करताना: कशाला किती, आणि नकार कुठे द्यायचा

सहा-सात लाखांत जुनी मर्सिडीज मिळते. तिचे पार्ट मात्र नव्या गाडीच्याच भावाने मिळतात. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

इथे २००८ ते २०१५ या काळातली सी-क्लास (डब्ल्यू २०४) आणि ई-क्लास (डब्ल्यू २१२) धरली आहे. पुणे परिसरात जोडलेल्या या गाड्या आज पुण्या-मुंबईच्या सेकंडहँड बाजारात भरपूर दिसतात. त्याआधीची ई-क्लास (डब्ल्यू २११) जिथे वेगळी आहे, तिथे तसं सांगितलं आहे. रकमा चांगल्या स्वतंत्र गॅरेजच्या आहेत, ढोबळ आहेत आणि जीएसटी सोडून आहेत. पार्ट कोणत्या ब्रँडचा घेता यावर त्या हलतील. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाणार असाल तर दीडपट ते अडीचपट धरा.

आधी स्कॅन, मग पाना

डॅशबोर्डवर दिवा लागला की पहिला खर्च स्कॅनचा. हजार ते तीन हजार रुपये. पण स्कॅन कशाने करतात ते विचारा. मर्सिडीजचं स्वतःचं सॉफ्टवेअर ‘झेन्ट्री’. ते इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग, दारांच्या मोटर असं प्रत्येक कंट्रोल युनिट वेगळं वाचतं. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक इंजिनापुरतंच बोलतो. तो घरी जरूर ठेवा, पण त्याच्या भरवशावर गिअरबॉक्स खोलू देऊ नका.

स्कॅन झाला की रिपोर्ट प्रिंटवर किंवा पीडीएफमध्ये मागा. पैसे भरलेत, तो तुमचा आहे. कोड पुसण्याआधीचा रिपोर्ट हवा, पुसल्यानंतरचा नाही. काही ठिकाणी कोड पुसून, दिवा घालवून ‘काम झालं’ म्हणून गाडी हातात देतात. दिवा दोन-तीन दिवसांनी परत येतो आणि दुसरं बिल होतं.

आणखी एक. कोड म्हणजे निदान नव्हे. ‘सेन्सरचा सिग्नल येत नाही’ असा कोड आला तर सेन्सर खराब असेल, वायर तुटली असेल, प्लगमध्ये पाणी असेल किंवा बॅटरी कमजोर असेल. मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: ‘हा पार्ट गेलाय हे कोणत्या टेस्टवरून ठरवलं?’ उत्तर नीट आलं तर पुढे जा. ‘या गाड्यांना हेच होतं’ असं उत्तर आलं तर गाडी बाहेर काढा.

निम्म्या तक्रारी बॅटरीच्या निघतात

हे मी अनुभवाने सांगतोय. गेल्या पावसाळ्यात माझी गाडी दहा दिवस उभी होती. सुरू केली तर गिअर, ब्रेक, पार्किंग सेन्सर, सगळ्यांच्या सूचना एका रांगेत. ज्या गॅरेजमध्ये नेली तिथे अर्ध्या तासात गिअरबॉक्स ओव्हरहॉलचं एस्टिमेट हातात पडलं: दोन लाख ऐंशी हजार. स्कॅन रिपोर्टमध्ये तेवीस कोड होते, पण बहुतेकांपुढे ‘व्होल्टेज कमी’ असंच लिहिलेलं. मी गाडी घरी आणली, रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी चारशे रुपयांच्या मल्टिमीटरने बॅटरी मोजली. ११.९ व्होल्ट. नवी बॅटरी टाकली, कोड पुसले, आजतागायत गिअरबॉक्स उत्तम आहे.

म्हणून मल्टिमीटर विकत घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.५ च्या वर रीडिंग हवं. १२.२ च्या खाली गेलं तर बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.६ हवं, त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर किंवा त्याची वायरिंग तपासायची, नवी बॅटरी घालून उपयोग नाही.

या गाड्यांना एजीएम प्रकारची बॅटरी लागते. १८ ते २८ हजार. दुकानदार साधी बॅटरी निम्म्या किमतीत बसवून देईल आणि ती बसेलही, पण लवकर बसकण मारेल. काही मॉडेलमध्ये एक छोटी सहायक बॅटरीही असते. तिची सूचना वेगळी येते, खर्चही वेगळा: पाच ते बारा हजार. मोठी बदलायला गेलात की ‘दोन्ही बदला’ म्हणतील. छोटीची सूचना नसेल आणि ती टेस्टमध्ये पास होत असेल तर नको म्हणा.

सकाळी पहिल्या स्टार्टला कडकड येते का?

या लेखातला सर्वांत महाग आवाज हाच, त्यामुळे इथे थोडं थांबू.

पेट्रोल सी-क्लास आणि ई-क्लासमधल्या चार सिलिंडरच्या एम २७१ इंजिनात टायमिंग चेन लांबते आणि कॅमशाफ्टच्या टोकाला असलेल्या अ‍ॅडजस्टरचे दात झिजतात. आवाज फक्त थंड इंजिनाला येतो. गाडी रात्रभर उभी होती, तुम्ही सेल्फ मारला आणि पहिले दोन-चार सेकंद डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट आला. मग ऑइल वर चढतं आणि इंजिन गप्प होतं. गॅरेजला पोचेपर्यंत गाडी गरम झालेली असते, मेकॅनिकला काही ऐकू येत नाही आणि तो तुम्हाला ‘काही नाही’ म्हणून परत पाठवतो. उपाय सोपा आहे. बॉनेट उघडा, फोन इंजिनाशेजारी धरा, घरातल्या कुणाला तरी स्टार्ट मारायला सांगा आणि पहिल्या दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. किंवा गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडा आणि सकाळचा स्टार्ट तुमच्यासमोर मारायला सांगा.

चेन, दोन्ही अ‍ॅडजस्टर, टेन्शनर आणि लेबर मिळून ८० हजार ते दीड लाख. इथला शॉर्टकट म्हणजे नुसता टेन्शनर बदलणं. आठ-दहा हजारांत आवाज काही महिने दबतो, झिजलेले दात तसेच राहतात. आणि चेन एखादा दात उडून घसरली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग हिशेब चेनचा राहत नाही, इंजिनचा होतो.

डिझेलमध्ये ई २५० सीडीआय आणि नंतरच्या सी २२० मध्ये ओएम ६५१ इंजिन आहे. याची चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. त्यामुळे तिथे पोचायला गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं. सव्वा ते अडीच लाख, वेळ आठ-दहा दिवस. हे काम निघालंच तर क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्या. पार्ट स्वस्त आहे. नंतर वेगळा बदलायचा म्हटलं तर सगळं पुन्हा उतरवण्याचं लेबर भराल.

याच इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत डेल्फीचे पिझो इंजेक्टर होते आणि त्यांच्या तक्रारी जगभर आल्या. पुढे मर्सिडीजने सोलेनॉइड प्रकारचे बसवले. सुरुवातीची गाडी घेत असाल तर कोणते इंजेक्टर आहेत, बदलले असतील तर त्याचं बिल आहे का, हे विचारा. एक इंजेक्टर २५ ते ४५ हजार. चारही बदला असं कुणी म्हटलं तर प्रत्येकाचा बेंच-टेस्ट रिपोर्ट मागा. टेस्टला प्रत्येकी हजार-दीड हजार लागतात, आणि त्यातून अनेकदा एकच खराब निघतो.

सहा सिलिंडरचं डिझेल (ओएम ६४२) असेल तर ऑइल कूलरचे सील बघा. ते इंजिनाच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत बसतात. सील दोन-तीन हजारांचे, पण तिथे पोचायला इनटेक आणि टर्बोपर्यंत सगळं उतरवावं लागतं. एकूण ४० ते ७० हजार. जुने सील नारिंगी, सुधारित जांभळट. बिल भरण्याआधी कोणते बसवले ते पॅकेटवरून बघा.

ऑइलच्या डब्यावरचा नंबर

चेन, अ‍ॅडजस्टर, टर्बो, या सगळ्यांचं आयुष्य ऑइलवर. डिझेलला डब्यावर ‘एमबी-अप्रूव्हल २२९.५१’ हवं, पेट्रोलला २२९.५ चालतं. ‘अप्रूव्हल’ हा शब्द वाचा. ‘मर्सिडीजसाठी योग्य’ असं मोघम छापलेलं म्हणजे मान्यता नव्हे. ओएम ६५१ ला साधारण साडेसहा लिटर ऑइल लागतं, सहा सिलिंडरला आठ-साडेआठ. बिलात आठ लिटर दिसले आणि गाडी चार सिलिंडरची असेल तर विचारा. बंद डबे तुमच्यासमोर फोडायला सांगा. ऑइल, फिल्टर, लेबर धरून बाहेर १० ते १५ हजार. आपल्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, बदला. यात काटकसर करू नका, मनापासून सांगतो.

किल्ली घातली, काहीच होत नाही

सी-क्लास डब्ल्यू २०४ आणि ई-क्लास डब्ल्यू २१२ मध्ये स्टिअरिंगचं कुलूप एका छोट्या मोटरवर चालतं. किल्ली घातल्यावर स्टिअरिंगखालून बारीक ‘झर्र’ असा आवाज येतो, तो या मोटरचा. ती थकली की आवाज बंद, किल्ली फिरत नाही, गाडी मेलेली वाटते. बॅटरी ठीक, किल्लीचा सेल नवा, दारं रिमोटने उघडतायत आणि तरी असं होत असेल, तर हीच शंका घ्या.

सुरुवातीला हे दहातून एकदा होतं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू होते आणि आपण विसरून जातो. विसरू नका. कुलूप उघडलेल्या स्थितीत असताना काम केलं तर स्वस्त पडतं; एकदा बंद स्थितीत अडकलं की कॉलम उतरवून कुलूप कापायची वेळ येते, वर गाडी टो करावी लागते. अधिकृत सेंटरला नवं कुलूप आणि प्रोग्रॅमिंग मिळून ६० हजार ते लाखापुढे जातं. स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक्सवाले त्याच्या जागी इम्युलेटर बसवतात, १२ ते २५ हजारांत. मात्र त्यानंतर स्टिअरिंगला यांत्रिक कुलूप राहत नाही, हे समजून मगच हो म्हणा. गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर वेगळं स्टिअरिंग लॉक घ्या.

टो करताना या गाड्या फ्लॅटबेडवरच चढवायच्या. मागची चाकं चालवणारी ऑटोमॅटिक गाडी पुढून उचलून ओढत नेली तर गिअरबॉक्सची वाट लागते. विम्याच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करतानाच ‘फ्लॅटबेड हवं’ असं स्पष्ट सांगा.

गिअर झटका देतो, किंवा एकाच गिअरमध्ये अडकतो

सात गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये (७२२.९) कंट्रोल युनिट आणि स्पीड सेन्सर एकाच प्लेटवर, गिअरबॉक्सच्या आत, तेलात बुडालेले असतात. सेन्सर गेला की गाडी एका गिअरमध्ये अडकते. बंद करून सुरू केली की तात्पुरती बरी होते. इथे ओव्हरहॉल लागत नाही. प्लेटची दुरुस्ती किंवा बदल: ४० ते ९० हजार. ही प्लेट चोरी-प्रतिबंधक यादीत असते, म्हणजे गाडीच्या नंबराला बांधलेली. भंगारातली प्लेट थेट बसत नाही, आधी तिची जुनी ओळख पुसावी लागते. ‘कोडिंग चार्ज’ धरून भाव आहे का, हे आधीच लिहून घ्या; नंतर पाच-दहा हजार इथेच वाढतात.

नुसते झटके असतील तर आधी गिअर ऑइल आणि फिल्टर बदलून बघा. १८ ते ३० हजार. ‘हे ऑइल आयुष्यभराचं असतं’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ६० हजार किलोमीटरला बदला. ऑइल कोणतं, २३६.१४ की २३६.१५, ते चॅसिस नंबरावरून ठरतं. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही; पातळी गिअर ऑइलच्या ठराविक तापमानाला मोजायची असते, आणि ते तापमान स्कॅनरवर बघायचं असतं. ज्या गॅरेजमध्ये स्कॅनर न लावता ऑइल भरतात, तिथे भरू नका.

डब्ल्यू २११ सारख्या आधीच्या गाड्यांच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये (७२२.६) वायरचा गोल प्लग गळतो आणि तेल वायरमधून चढत कंट्रोल युनिटपर्यंत जातं. प्लग तीन-सहा हजारांत बदलतो. आज सोडला तर उद्या युनिट जातं.

लहान गोष्टी, मोठी एस्टिमेट

डब्ल्यू २०४ चा मागचा दिवा मिणमिणतो किंवा ‘बल्ब गेला’ अशी सूचना येते आणि बल्ब बदलूनही जात नाही. डिकीचं अस्तर बाजूला करा, दिव्याचा प्लग ओढा आणि तपकिरी वायर असलेली पिन बघा. मर्सिडीजमध्ये तपकिरी म्हणजे अर्थ. ती पिन काळी पडलेली आणि भोवतीचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं, तर बिघाड तिथेच आहे. नवी पिन आणि थोडी जाड अर्थ वायर: पाचशे ते दीड हजार. याच तक्रारीसाठी अख्खा लॅम्प बदलायला सांगतात, आणि तो कित्येक हजारांचा असतो.

डीमध्ये ब्रेक दाबून उभी असताना सीट थरथरते? इंजिन माउंट बसलेत. दोन्ही बाजूंचे आणि गिअरबॉक्सचा असे तिन्ही एकत्र बदला, २५ ते ४५ हजार. स्पीडब्रेकरवर पुढून ‘टक’ आवाज? आधी गाडी लिफ्टवर घेऊन कोणता आर्म, कोणता बुश, ते पहारीने हलवून दाखवायला सांगा. पुढचं सस्पेन्शन पूर्ण केलं तर ५० ते ९० हजार, एकच आर्म सहा ते चौदा. आर्म बदलल्यावर अलाइनमेंट लागतंच. ते एस्टिमेटमध्ये आहे का बघा.

कुलंट वारंवार कमी होत असेल तर नळाचं पाणी घालत राहू नका. बोअरच्या पाण्याने आतून क्षार धरतात. गळती शोधा: वॉटर पंप, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक घर, टाकीचं झाकण. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा घाला. सकाळी निळसर-हिरवट चिकट डाग म्हणजे कुलंट, लाल म्हणजे बहुधा गिअर ऑइल, काळा म्हणजे इंजिन ऑइल, स्वच्छ पाणी म्हणजे एसीचं आणि त्यात काही बिघाड नाही. पुठ्ठ्याचा फोटो काढून गॅरेजला न्या.

हवेवर उभी राहणारी गाडी (एअरमॅटिक) सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली तर त्या कोपऱ्यातला स्ट्रट गळतोय. ३५ ते ७० हजार, एकाचे. लगेच करा. टाळलं तर कंप्रेसर हवा भरून भरून जळतो, आणखी ३० ते ५० हजार. कंप्रेसर बदलताना रिलेही बदला, तो काहीशे रुपयांचा आहे.

डब्ल्यू २११ मधल्या २००६ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांना एसबीसी हे इलेक्ट्रॉनिक ब्रेक आहेत. त्यांचा पंप किती वेळा ब्रेक दाबला ते मोजतो आणि मर्यादा आली की सूचना देतो. तो मोजलेला आकडा सॉफ्टवेअरने मागे फिरवून देणारे आहेत. हे करू नका. ब्रेकचा प्रश्न आहे. आणि या गाडीचे ब्रेकपॅड बदलताना स्कॅनरने यंत्रणा आधी बंद करावी लागते, नाहीतर ब्रेक आपोआप आवळून मेकॅनिकची बोटं चिरडू शकतात. ज्याला हे माहीत नाही त्याला ती गाडी देऊच नका.

मे महिन्यात करायचं काम, जवळजवळ फुकट

वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी पाणी वाहून जायला दोन्ही बाजूंना भोकं असतात. गुलमोहराखाली, कडुनिंबाखाली गाडी उभी राहत असेल तर ती पानांनी बुजतात. मग जूनमध्ये पाणी आत, पायाखालच्या गालिच्यात, तिथून वायरिंगच्या प्लगमध्ये. बॉनेट उघडा, पानं हाताने काढा, तांब्याभर पाणी हळू ओता आणि ते गाडीखाली पडतं का बघा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांच्या नळ्यांना तेच करा, पण जोराने हवा मारू नका, नळी सुटते. गालिचा ओला लागला तर वरून पुसून भागत नाही. खालचा फोम आठवडाभर पाणी धरून ठेवतो. गालिचा उचलून सुकवा.

रस्त्यावरच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी असेल तर त्या एका सेल्फने कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात असं नुकसान सहसा बसत नाही. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोड-संरक्षण त्यासाठी असतं. तुमच्या गाडीच्या वयाला ते मिळतं का, नूतनीकरणाच्या आधी विचारा.

पार्ट: कुठून, कोणता

पार्ट नेहमी चॅसिस नंबर देऊन मागवा. ‘सी-क्लास, २०११’ एवढ्यावर चुकीचा पार्ट येतो आणि इलेक्ट्रिकल पार्ट सहसा परत घेत नाहीत. मर्सिडीजच्या पार्ट नंबराची सुरुवात ‘ए’ने होते, पुढचे तीन आकडे अनेकदा मॉडेल सांगतात: २०४, २१२.

तीन प्रतवाऱ्या. तारा असलेल्या खोक्यातला कंपनीचा पार्ट. मग जगभर कारखान्यांना पार्ट पुरवणाऱ्यांचा त्यांच्या स्वतःच्या खोक्यातला: सस्पेन्शनला लेमफर्डर, फिल्टरला मान किंवा माहले, इलेक्ट्रिकलला बॉश. तिसरा, नाव नसलेला. माझं मत दुसऱ्या प्रतीला. आर्म, फिल्टर, ब्रेकपॅड, सेन्सर यांसाठी ती पुरेशी आहे आणि बरेच पैसे वाचतात. चेन, अ‍ॅडजस्टर आणि गिअरबॉक्सच्या आतलं काही असेल तर मी कंपनीचाच घेतो.

मुंबईत ऑपेरा हाउसचा बाजार नव्या पार्टसाठी, कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्यासाठी. पुण्यात नाना पेठ. दिल्लीत काश्मिरी गेट आणि भंगारासाठी मायापुरी. जुना पार्ट घ्यायचाच तर दारं, आरसे, दिवे, सीट, काच यांपुरता. एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंगचा पार्ट भंगारातून घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

एस्टिमेट आणि बिल

एस्टिमेट लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. त्यात पार्ट नंबर, ब्रँड, लेबर, कर हे वेगळं हवं. खाली एक ओळ लिहून पाठवा: ‘यापेक्षा जास्त काम निघालं तर आधी फोन करून परवानगी घ्यावी.’ ही एक ओळ पुढची भांडणं वाचवते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के आहे. लेबरवर १८ आहेच. कुणी जुन्या २८ च्या हिशेबाने एस्टिमेट बनवलं असेल तर दुरुस्त करून घ्या. लाखाच्या पार्टवर दहा हजारांचा फरक पडतो. ‘बिल नको तर कर सोडतो’ या सवलतीला हो म्हणू नका. बिल नसेल तर वॉरंटी नाही, तक्रार नाही, आणि गाडी विकताना दाखवायला कागद नाही.

बिलात बारीक अक्षरांत येणाऱ्या या ओळी तपासा: कन्झ्युमेबल, क्लीनिंग, हँडलिंग, इंजिन डीकार्बन, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन. तुम्ही मागितलं नसेल तर काढायला सांगा. एकदाच वापरायचे बोल्ट मात्र खरे असतात. माउंट आणि सस्पेन्शनमध्ये ते नवेच लागतात, तिथे वाद घालू नका. डायग्नोसिसचे पैसे कामात वळते होतात का, हे आधी विचारा. आणि काम नाकारलं तर उघडलेली गाडी परत जोडायचे किती, उभी ठेवायचं रोजचं भाडं किती, हेही. हे दोन आकडे कुणी आपणहून सांगत नाही आणि माणूस तिथेच अडकतो.

जुने पार्ट परत मागा, गाडी सोडतानाच. पार्ट ज्या खोक्यातून आला ते खोकंही. दोन्ही नसतील तर पार्ट बदललाच याला पुरावा काय?

विमा किती देतो

अपघात झाला तर जुन्या गाडीला विमा वाटतो त्याहून बराच कमी देतो. झीरो-डेप संरक्षण बहुतेक कंपन्या पाचेक वर्षांपर्यंतच सहज देतात. त्यानंतर रबर, प्लॅस्टिक, बॅटरी, टायर यांवर ५० टक्के कपात. धातूच्या पार्टवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या पुढे ५०. काचेवर कपात नाही. म्हणजे हेडलॅम्प आणि बंपर असं लाखाचं काम निघालं तर निम्म्याच्या आसपास तुमच्या खिशातून, वर अनिवार्य कपात. गॅरेजला कॅशलेस द्यायच्या आधी सर्व्हेअरने मंजूर केलेली यादी मागा आणि उरलेली रक्कम लेखी घ्या.

तक्रार करायची असेल तर

आधी गॅरेजला लेखी कळवा, सात-दहा दिवसांची मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. जोडायचं काय: एस्टिमेट, बिल, पैसे दिल्याचा पुरावा, आधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट, व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद आणि दुसऱ्या गॅरेजचं लेखी मत. हे शेवटचं मिळवायला दोन-तीन हजार लागतात, पण केस त्यावरच उभी राहते.

पंधरावं वर्ष

२०१० ते २०१२ च्या गाड्यांची नोंदणी आता संपत आली आहे किंवा संपली आहे. खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज नमुना २५, सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, आणि गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवायची. मुदत संपण्याआधी ६० दिवसांत अर्ज करता येतो. फी इथे जोडलेल्या गाडीला ५ हजार रुपये. पूर्ण आयात केलेल्या गाडीला ४० हजार. वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून हेच आकडे १० हजार आणि ८० हजार आहेत. पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये जास्त.

म्हणून चेन किंवा गिअरबॉक्सवर लाख-दीड लाख घालण्याआधी आरसीवरची तारीख बघा, आणि आरसीत ‘इम्पोर्टेड’ असं काही लिहिलंय का तेही. इथे जोडलेली गाडी चुकून तशी नोंदली गेली असेल तर दुरुस्तीचा अर्ज आजच करा. मुदत संपायच्या आठवड्यात ते होत नाही.